हळदीचा शेवटचा सूर

हिंगोली, मंगळवार, संध्याकाळ

१. हळदीचा रंग उन्हात कसा विरतो, याची माझी मोजमापं मी कॉलेजातला मित्र, संगीतकार निशांत, याला पुण्याला पाठवली होती.
२. त्यांवरून त्याने ऑर्केस्ट्रासाठी रचना केली. रंग उतरतो तसं एकेक वाद्य गप्प होतं.
३. आज तालमीचं रेकॉर्डिंग आलं. शेवटी एकच व्हायोलिन वाजत राहतं.
४. ते राहायला नको होतं.

हळद अल्कोहोलमध्ये विरघळवून तिचा रंग मोजला, की नुसत्या अल्कोहोलचा आकडा त्यातून वजा करायचा असतो. हे प्रयोगशाळेत पहिल्याच दिवशी शिकवतात. मी केला नाही. म्हणून आलेख शून्याला टेकला नाही, आणि ते व्हायोलिन वाजत राहिलं. वही दोनदा पाहिली. तो आकडा वजा केला, तर रंग पूर्ण गेला होता.

आईला ऐकवलं. ती म्हणाली, "त्या एकट्याला कुनी घरी जा म्हनलं न्हाई का? वाजवूनच राहिला." मग म्हणाली, "पन ग्वाड हाय. तू काहून तोंड पाडून बसलीस?"

निशांतने रचना वारलेल्या बहिणीच्या नावाने केली आहे. सोबत लिहिलंय, "थोडं तरी उरतं, हे तुझ्या आकड्यांमुळे पटलं."

गप्प राहिले तर कुणाला कळणार? पण त्याने माझ्यावर नाही, मोजमापावर विश्वास ठेवलाय. सांगून तरी त्याला काय देणार मी? ते व्हायोलिन काढून घेणार, एवढंच.

तरी आत्ता पाठवलं:

"निशांत, शेवटचा आकडा माझी चूक आहे. शेवटी काहीच उरत नाही. कार्यक्रम रविवारी आहे. शेवट बदलणार की तसाच ठेवणार, ते शुक्रवारपर्यंत कळव."