भिंतीचा घाम

प्रिय शाइस्ता,

चिखलीला मावशीच्या घरी हे पाकीट तुझ्या हातात पडेल, तेव्हा माझं अक्षर तू लगेच ओळखशील. फाडावंसं वाटलं तर खुशाल फाड, फक्त आधी शेवटपर्यंत वाच. चारदा फोन लावायला घेतला आणि चारदा ठेवून दिला. सव्वीस वर्षं मराठी शिकवणाऱ्या बाईला एक वाक्य सुचू नये, म्हणजे कमालच झाली.

शाळेत सगळे तुझी आठवण काढतात. आपल्या गटातला देवानंद बारावीला गेला, अजूनही वहीत पाऊस मोजून लिहितो. त्याची वही पाहिली की मला आपला बारव राखायचा गट आठवतो. हल्लीचा पाऊस महिनाभर नुसता हुलकावण्या देतो आणि मग एका दुपारी सगळाच्या सगळा कोसळतो; गावची जुनी बारव असल्या पावसापुढे टिकायची तर तरुण पोरांनीच तिची राखण केली पाहिजे, असं भाषण मी ठोकलं होतं. भाषण माझं, काम मात्र तू शोधलंस. बारवेच्या दगडी भिंतीत बोटभर रुंदीची भोकं होती. मागच्या मातीत मुरलेलं पाणी त्यांतून झिरपून बाहेर यायचं. तुझे नाना, अब्दुल गनी, जुने पाथरवट. त्यांनी तुला ती एकेक दाखवली. मग दोन वर्षं तुम्ही पोरं पावसाळ्याआधी कपाशीच्या वाळल्या पऱ्हाटीच्या काड्या घेऊन ती मोकळी करत होतात. मी वर सावलीत उभी राहून फोटो काढायचे. खरं सांगते, तेवढंच करायचे.

तिसऱ्या वर्षी आपल्या गटाचं नाव बक्षिसासाठी गेलं आणि समिती पाहायला येणार म्हणून माझ्या अंगात आलं. बारव कशी चकाचक दिसली पाहिजे! भिंतीवर ओलीचे काळे ओघळ होते, ते मला खुपायला लागले. मी गवंडी बोलावला आणि सगळी भोकं सिमेंटनं लिंपून घेतली. तू धावत आलीस, धाप लागली होती तुला. "मॅडम, भोकं बुजवू नका. नाना म्हन्तात, भितीले घाम येऊ द्या लागते." मी काय केलं, आठवतं ना? सगळ्या वर्गासमोर तुला सुधारलं. भिंतीला घाम येत नाही, ओल येते, आणि 'भितीले' नव्हे, 'भिंतीला' म्हणायचं. पोरं खो खो हसली, मीही हसले. तू लाल झालीस आणि पुन्हा त्या विषयावर बोलली नाहीस. तुझं व्याकरण तपासायच्या नादात तू काय सांगतेस तेच मी ऐकलं नाही.

त्याच वर्षी सप्टेंबरात तीन तासांत महिन्याचा पाऊस पडला. पाण्याला वाट नव्हती, भिंत पोटासारखी फुगली आणि पूर्वेची अख्खी बाजू कोरीव कोनाड्यांसकट खाली बसली. कुणाला लागलं नाही, एवढंच नशीब. बुलढाण्याहून चौकशीला सरकारी माणसं आली, तेव्हा माझी पाचावर धारण बसली. मी लिहून दिलं की मुलांनी काड्या घालून दगड खिळखिळे केले. गटप्रमुख कोण, असं त्यांनी विचारलं आणि मी तुझं नाव सांगितलं. तू दारातच उभी होतीस, शाइस्ता. एका शब्दानं मला खोटं पाडू शकली असतीस. तू पायाच्या अंगठ्याकडे पाहत राहिलीस.

पुढे गावात तुझ्या नावाला धरून लोक काय काय बोलले, तुझ्या घराबद्दल काय बोलले, ते माझ्या कानांवर येत होतं. मी चहा पीत ऐकून घेतलं. तुझा दाखला न्यायला नाना आले तेव्हा एवढंच म्हणाले, "पोरगी खोटी नाही बाई माही." मी त्यांना बसासुद्धा म्हटलं नाही. लाज वाटते, हे लिहायलाही मला लाज वाटते.

आता हे पत्र का, ते सांगते. ती भिंत पुन्हा रचणार आहेत आणि त्या कामात शिकायला गावची तरुण मुलं घेणार आहेत. यादीत तुझं नाव नव्हतं. ते माझ्या त्या कागदामुळे, हे कळायला मला कुणाला विचारावं लागलं नाही. सोमवारी मी बुलढाण्याला जाऊन नवा जबाब दिला: भोकं मी बुजवली, आणि एका मुलीनं मला अडवलं होतं. तिथले साहेब म्हणाले, त्या मुलीला विचारून खात्री करू. येत्या आठवड्यात ते तुझ्या दारी येतील. मी तुला ओळखते. तू मान खाली घालशील आणि म्हणशील, मॅडमले माहीत नव्हतं. तसं म्हणू नकोस, बेटा. मला माहीत होतं, तू सांगितलं होतंस. या वेळी मला वाचवू नकोस.

तुझीच,
जयमाला मॅडम