घरात झालेलं घड्याळ

अण्णा,

घड्याळ झालं. गेले अकरा दिवस चालतंय. मोबाईलशी ताडून पाहिलं तर दिवसाला पंधरा-वीस सेकंद पुढे जातं, म्हणजे शेवगावच्या दुकानातून तुम्ही दुरुस्त करून द्यायचात त्यातल्या निम्म्या घड्याळांपेक्षा बरंच म्हणायचं. राग मानू नका. तुम्ही असता तर आधी ते कानाला लावून तोंड वाकडं केलं असतं, मग डोळ्याला लावायचं भिंग मागितलं असतं, आणि मग ते पुन्हा एकदा कानाला लावलं असतं. मला तेवढं पुरलं असतं.

ज्या परदेशी घड्याळांची चित्रं मासिकातून कापून तुम्ही दुकानात चिकटवली होती, तसंच केलंय. कंपनीतल्या भंगारातून स्टीलच्या दांड्याचा एक तुकडा साहेबांना विचारून आणला आणि मागच्या खोलीतल्या छोट्या लेथवर त्यातून घड्याळाची बाहेरची डबी कातली. तबकडी पितळेची आहे. तिच्यावर मधून कडेपर्यंत इतक्या बारीक रेघा ओढल्यात की उन्हात धरली तर नजर ठरत नाही. आतलं मशीन मात्र जुन्या चावीच्या घड्याळातलं, खोलून, धुऊन पुन्हा बसवलेलं. ते मी केलं असं म्हणणार नाही. काटे निळे आहेत, पण रंगवलेले नाहीत. पोलाद बेतानं तापवलं की आपोआप निळं होतं, आणि जरा उशीर झाला की राखाडी पडून वाया जातं. त्यासाठी सपाट तव्यात पितळेचा कीस पसरून त्यावर काटे ठेवायचे असतात. मी तुमच्या सुनेचा भाकरीचा तवा घेतला. तिला तुम्ही पाहिलं नाहीत. पारनेरकडची आहे, पुढच्या खोलीत ब्यूटी पार्लर चालवते. तवा पाहून म्हणाली, "लई भारी झाले काटे. आता भाकरी बी त्येच्यावरच भाजा तुमी." नवा तवा येईपर्यंत घरात नुसता भात शिजत होता.

दहावीच्या सुट्टीत तुम्ही मला दुकानात शेजारी बसवलं होतं, तो दिवस आठवतो. कुणाचंतरी लग्नातलं लेडीज घड्याळ उघडं पडलंय, माझ्या हातात चिमटा आहे, आणि मी श्वास रोखून चक्र उचलतोय. चक्राचा दांडा मोडला. तुम्ही ओरडला नाहीत, तेच मला जास्त लागलं. चिमटा काढून घेतलात आणि म्हणालात, "तुजा हात जड हाय. ह्ये तुज्याच्यानं व्हायचं न्हाई. लेथ शिक." आठवड्याभरात आयटीआयचा फॉर्म भरून झाला. पुष्कळ वर्षं मी तुमच्यावर डूख धरून होतो. आज सांगतो, हाताचं तुमचं बरोबर होतं. पण त्याच जड हातानं मी नगरच्या एमआयडीसीत उभा जन्म लोखंड कातलं आणि मी कातलेला एकही जॉब, एकही सुटा भाग, चुकला म्हणून कधी परत आला नाही. मी चांगला टर्नर आहे. हे तुम्हाला कुणी सांगितलं नसेल म्हणून मीच सांगतो.

आता आईचं. तुमच्या हाताला कंप सुटला तेव्हा तुम्ही पन्नाशीचेही नव्हता. दुपारी जेवायला येताना तुम्ही खोललेलं घड्याळ पत्र्याच्या डबीत घालून, रुमालात गुंडाळून आणायचात. भाकऱ्या झाल्या की आई हात धुऊन, पदराला कोरडे करून, चुलीपासून लांब खिडकीत बसायची. चक्राला हेलकावे देणारी केसाएवढी बारीक हेअरस्प्रिंग ती अशी बसवायची की जणू बाजरीतला खडा वेचतेय. तुम्ही समोर बसून नुसतं भिंगातून बघायचात. संध्याकाळी त्याच घड्याळाच्या मागच्या झाकणाच्या आत तुम्ही तुमची खूण कोरायचात, दुरुस्ती कुणाची ते पुढच्या कारागिराला कळावं म्हणून. आईची खूण कधी नव्हती. मी एकदा विचारलं तर म्हणालात, "बाईनं दुरुस्त केलं म्हनल्यावर कोन देईल आपल्याला घड्याळ? भाईर बोलायचं न्हाई." मी बोललो नाही. मनात मात्र तुम्हाला कमी लेखत आलो, हेही आज सांगून टाकतो.

आणि माझ्या घड्याळाचं काय झालं ते ऐका. सगळं झालं, स्प्रिंग बसेना. दोन वाया घालवल्या, तिसरीचा गुंता केला. तुमची सून गिऱ्हाइकाच्या भुवया करून दोरा हातातच घेऊन आली, बघत उभी राहिली, मग माझ्या हातातून चिमटा घेतला. गुंता सोडवून स्प्रिंग जागेवर बसवायला तिला चहा उकळण्याएवढाही वेळ लागला नाही. चक्र हललं. "एवढंच हुतं व्हय?" म्हणाली आणि परत पार्लरमध्ये गेली. त्या दिवशी मी झाकणाच्या आत खूण कोरली. एकच अक्षर, माझं. कंपनीतल्या लोकांनी व्हिडिओ काढला, त्यातही सगळं एकट्यानं केलं असं मी छाती फुगवून सांगितलं. बाकी सगळं मी केलंच होतं, म्हणून ते तोंडातून सहज निघालं.

रविवारी घड्याळ आईच्या हातात दिलं. तिला आता फारसं दिसत नाही. डबीवरून बोट फिरवलं, काट्यांचं कौतुक मी सांगत होतो ते ऐकून घेतलं, मग घड्याळ कानाला लावून किती तरी वेळ बसली.

"टिकटिक लंगडत न्हाई," म्हणाली. "स्प्रिंग कुनी बसवली रं?"

इतक्या लोकांनी घड्याळ पाहिलं, पण हे विचारणारी ती एकटीच. दारात तुमची सून चहा घेऊन उभी होती.

मी म्हणालो, "मीच."

"बरं," आई म्हणाली आणि घड्याळ परत दिलं. सुनेनं तिच्या हातात कप नीट धरवला, माझा खाली ठेवला आणि आत गेली.

हे पत्र कुठं पाठवायचं नाही म्हणून भराभर लिहून झालं. चार दिवस झाले, अण्णा. आई बाहेर ओट्यावर असते, ही पुढच्या खोलीत असते, आणि मी दोघींच्या मधून ये-जा करतो. स्प्रिंगचं खरं काय ते आईला अजून सांगितलेलं नाही.