राजेंद्र नगरहून सुदामा नगरला

प्रिय मंजू,

राजेंद्र नगरहून सुदामा नगरला पत्र पाठवणारा मी बहुधा पहिलाच नवरा असेन. स्कूटरवर एवढंसं अंतर, आणि तुझ्याशी बोलायचं तर मला कागद शोधावा लागला. घरात कोरा कागद सापडला तोही तुझाच, जाड आणि खरखरीत, जलरंगांचा. त्यावर बॉलपेन अडखळतं. अक्षर वाकडं दिसलं तर दोष तुझ्या कागदाचा, माझा नाही.

नाना रोज विचारतात, सून गावात असून घरी येत नाही, हा कसला कोर्स? मीही रोज समजावतो की ही शाळा फिरती आहे. तिला स्वतःची इमारत नाही. ज्यांनी दहा वर्षं तरी चित्रांवर, मूर्तींवर, हातच्या कलेवर पोट भरलंय अशांनाच ती मास्टर्सला घेते आणि दर सत्रात नव्या गावी नेऊन बसवते. भूज झालं, कोची झालं, शिलाँग झालं. आता शेवटचं सत्र इंदूरला, कारण वर्गात एक बाई इंदूरची आहे. आणि ज्याचं गाव असेल त्याला नियम असा, की आपलं गाव परक्यासारखं बघायचं. सत्र संपेपर्यंत घरी जायचं नाही, घरी फोन करायचा नाही, मुक्काम सगळ्यांबरोबर सुदामा नगरच्या भाड्याच्या बंगल्यावर. पत्राला तेवढी हरकत नाही. हे सगळं ऐकून झाल्यावर नाना म्हणतात, "म्हणजे नाटक कंपनीच की भिया, फक्त तिकीट नाही." आणि पेपर पुन्हा डोळ्यांसमोर धरतात.

खरं सांगू? तू भूजला होतीस तेव्हा मला इतकं जड गेलं नव्हतं. संध्याकाळी तुझा फोन यायचा, तू तिथल्या मातीचे रंग सांगायचीस, मी इथल्या भेंडीचे भाव सांगायचो, आणि दोघांचंही भागायचं. लांबच्या माणसाची वाट बघायची सवय करता येते. आता तू आपल्याच गावात आहेस. आपल्यासारखंच नर्मदेचं पाणी पितेस, सकाळी कचऱ्याची गाडी तुझ्याही दारावरून तेच गाणं वाजवत जाते, आणि मी इथे नानांना कुकरच्या शिट्ट्या मोजायला बसवून कणीक मळतो. कारखान्यातून सुटलो की हल्ली मी सांवेर रोडवरून सरळ घरी येत नाही. सुदामा नगरातून वळसा घालतो. तुमच्या बंगल्याच्या गच्चीवर कपडे वाळत असतात. त्यात तुझी मोरपंखी ओढणी दिसली की त्या दिवशी जेवण नीट जातं. पोरकटपणा आहे, मला कळतं. पण मला तू घरात हवी आहेस, मंजू. हे लिहायला लाजण्याचं वय आता राहिलेलं नाही.

तुझ्या प्रवेशाच्या मुलाखतीला आपण भोपाळला गेलो होतो, तो दिवस हल्ली फार आठवतो. बाकीचे लोक आपापल्या प्रदर्शनांचे गुळगुळीत कॅटलॉग घेऊन आले होते, आणि आपण गाडीच्या डिकीतून पोरांच्या पुस्तकांची दोन पोती उतरवली. चोवीस वर्षांचं तुझं काम. अ से अनार, आ से आम, गाय, घड्याळ, टोपी घातलेलं अस्वल. इंदूरच्या अर्ध्या पोरांनी पहिला हत्ती तुझ्या हातचा पाहिलाय, आणि त्यांच्या आयांना तुझं नावही माहीत नाही. समोरच्या बाईंनी विचारलं, यातलं तुमचं स्वतःचं चित्र कुठलं? तू म्हणालीस, सगळी माझीच आहेत, पण सगळी सांगितलेली आहेत. त्या बाई बराच वेळ तुझा हत्ती बघत बसल्या. बाहेर आल्यावर तू रडलीस, आणि आता आपलं काही खरं नाही असं मला वाटलं. येताना देवासपाशी चहा घेताना तू म्हणालीस, निवड झाली नाही तरी चालेल, निदान कोणीतरी हा प्रश्न विचारला. मला तेव्हा त्याचा अर्थ नीट लागला नव्हता. चहा मात्र चांगला होता.

गेल्या रविवारी नानांच्या चष्म्याची काडी बदलायला मी राजवाड्याकडे गेलो. काडी आपल्या कोपऱ्यावरही बदलून मिळते, हे तुला माहीत आहे, म्हणून उगाच आव आणत नाही. तुम्ही सकाळी राजवाड्यासमोर चित्रं काढायला बसणार, असं तू सत्र सुरू होण्याआधीच बोलली होतीस. तुमची मंडळी बागेत विखरून बसली होती. मी रस्त्यापलीकडे पोहे-जलेबीची प्लेट घेऊन उभा राहिलो. तू त्या उंच केरळी मूर्तिकाराला काहीतरी समजावत होतीस, हातवारे करून, आणि हसत होतीस. मग तू मान वर केलीस आणि थेट माझ्याकडे बघितलंस. मी हात वर करायला गेलो आणि तुमचा नियम आठवला. तू हसली नाहीस. फुगेवाल्याकडे किंवा खांबाकडे बघावं तसं माझ्याकडे बघितलंस, मग कागदाकडे, मग परत माझ्याकडे. तुझी पेन्सिल चालूच होती. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली, पण इतका वेळ तू माझ्याकडे सलग कधी बघितलं नव्हतंस. मी हललो नाही. शेवटी पोहेवाल्यानेच हटकलं, "भिया, जलेबी ठंडी हो रही है." घरी आल्यावर मी आरशात बघितलं, एवढं बघण्यासारखं काय होतं म्हणून. दाढी राहिली होती.

आणि सोमवारी संहिता आली. प्रत्येक गावात तुम्ही एक दिवस कोणा अनोळखी माणसाच्या घरी बसून चित्र काढता, आणि घरं ठरवायची असतात त्या गावच्या विद्यार्थ्याने, हे तू कोचीला असताना सांगितलं होतंस. इंदूरची घरं तू ठरवलीस आणि आपलं घर संहिताला दिलंस. कोल्हापूरची पोरगी, लाकडावर कोरून छाप काढते, आपल्या पोराहून, वेदांतहून, थोडीच मोठी. मला वाटतं, तुला येता येत नव्हतं म्हणून तू त्यातल्या त्यात जवळचं माणूस पाठवलंस. तसं नसलं तरी मला तसं वाटू दे.

मी पोहे केले. वर शेव आणि जिरावनचा मसाला बघून ती आधी बिचकली. नाना म्हणाले, "बेटा, शेव नाही तर पोहे कशाचे? वो तो बीमार का खाना." मग तिने दोनदा घेतले. कुठे बसायचं हे तिला ठरवायचं होतं, म्हणून ती सगळ्या घरात फिरली आणि तुझ्या खोलीत जाऊन थांबली. टेबलावर सगळं तू ठेवलंस तसंच आहे. फक्त ब्रश धुवायच्या पेल्यात पाणी भरलेलं असतं. तिने विचारलं, "काका, इथं हल्ली कोण काम करतंय?" मी म्हणालो, कोणी नाही, पाणी आटलं की मी भरतो, कोरडा पेला बरा दिसत नाही. ती तिथेच खाली बसली आणि संध्याकाळपर्यंत उठली नाही. तिने काय काढलं ते मी बघितलं नाही. शनिवारच्या प्रदर्शनात लावणार आहे म्हणे, तेव्हा तूच आधी बघशील.

निघताना चहा घेत ती अगदी सहज बोलून गेली, मला सगळं माहीत असणार असं धरून. म्हणाली, "काका, तुम्ही तरी ताईंना सांगा की. पुढच्या बॅचला शिकवायला त्यांनाच बोलावलंय, दोन वर्षं, सगळ्या गावांना बरोबर. आम्ही किती मागं लागलोय. पण ताई म्हणतात, घरी जमणार नाही, शनिवारी नाही म्हणून कळवून टाकते." मी कपबशी खाली ठेवली आणि म्हणालो, हो, बघू, बोलतो. चेहरा असा ठेवला की आपलं यावर चारदा बोलणं झालंय. नानांना वाटलं सगळ्यांनीच जायचंय. रेल्वेत गार्ड होते ना, प्रवास म्हटला की त्यांचे कान टवकारतात. म्हणाले, "अपन तो एकदम तैयार. माझी पेटी माळ्यावरून काढायला लाव." संहिता हसली, मीही हसलो, आणि ती गेल्यावर मी बराच वेळ गेटपाशी उभा राहिलो.

आज गुरुवार. सोमवारपासून मी काय केलं ते तुला सांगायला हवं, कारण ते फारसं चांगलं नाही. मी गप्प बसायचं ठरवलं होतं. हिशेब सोपा होता. मी काही बोललो नाही तर शनिवारी तू नाही म्हणशील, सत्र संपेल आणि रविवारी तू घरी असशील, कायमची. तो पेला मला भरावा लागणार नाही. तू सकाळी केस वर बांधून, चहा गार होऊ देत, टेबलाशी बसशील आणि मी दारातून बघत कामावर जाईन. दोन वर्षं मी एवढ्याचीच वाट बघतोय. जे हवं ते मिळायला फक्त तोंड बंद ठेवायचं होतं, आणि तोंड बंद ठेवणं हे आमच्या सगळ्या घराण्याला जन्मजात येतं.

पण ते जमलं नाही. मंगळवारी मी बाजारातून तुझ्यासाठी गराडूचे कंद आणले, रविवारी तळायचे म्हणून. घरी येऊन सोलायला घेतले आणि सोलता सोलता मला राग आला. आधी वाटलं, तुझा आला. इतकी मोठी गोष्ट, आणि ही माझ्याशी एक शब्द बोलत नाही. मग वाटलं, बोलणार कशी, फोन बंद आहेत. मग आठवलं, पत्राला हरकत नाही. तू लिहू शकत होतीस. तू लिहिलं नाहीस, कारण तुला माझं उत्तर माहीत होतं. आणि त्यात तुझी चूक तरी कशी म्हणू? माझी ख्यातीच तशी आहे. कारखान्याच्या सहलीबरोबर गोव्याला गेलो आणि बरोबर नेलेली शेव संपली म्हणून सगळ्यांच्या आधी परत आलो, ही गोष्ट तूच प्रत्येक लग्नकार्यात सांगतेस आणि मीच सगळ्यात जास्त हसतो. त्यातून नाना आहेत, माझ्या नोकरीची तीन वर्षं उरली आहेत, घर आहे. तू हे सगळं मनात मांडलंस आणि माझं 'नाही' तूच परस्पर म्हणून टाकलंस. मला त्रास होऊ नये म्हणूनच, हेही कळतं. तुझ्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं. तरी लागलं ते लागलंच.

म्हणून हे पत्र. उद्या सकाळी कामावर जाताना तुमच्या बंगल्याच्या फाटकाशी देऊन जाईन. 'जा' असं सांगायला लिहिलेलं नाही. चोवीस वर्षं स्वतः कमावणाऱ्या बाईला जायची परवानगी देणारा मी कोण? 'राहा' असं सांगायलाही नाही, ते तर तुला न सांगता माहीत आहे. शनिवारी त्यांना काहीही कळवायच्या आधी एकदा घरी ये. नियम मोडावा लागला तर मोड, नाहीतर मला त्या बंगल्याच्या फाटकाशी बोलाव, मी कारखान्याच्या कपड्यांत येईन. आणि मला विचार. अहो, दोन वर्षं गावोगाव फिरायचं आहे, येता का माझ्याबरोबर, असं नीट, माझ्याकडे बघून विचार. मी कदाचित नाही म्हणेन. म्हणेन, तू जा, मी नानांना बघतो. कदाचित तसं म्हणणारही नाही. खरंच सांगतो, मला माहीत नाही, आणि जे मलाच माहीत नाही ते तुला तरी आधीपासून माहीत असायला नको. मी आयुष्यभर गेटपाशी उभा राहून लोकांना पोचवत आलो, मंजू, म्हणून कोणाला वाटलंच नाही की यालाही विचारावं. मला फार वाटतं, की एकदा तरी कोणीतरी विचारावं, आणि ते तू विचारावंस.

तुझाच,
सुधाकर