बाबांचं नाव अजून ठेवू नकोस

पामिउत, १४ जानेवारी १९७४

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं, म्हणजे चार ओळी मिळाल्या. त्यातल्या तीन ओळी तुझ्या स्लेज ओढणाऱ्या कुत्र्यांबद्दल. बहिणीच्या तब्येतीची चौकशी करायला कागद संपला असेल! माझं पोट एवढं पुढे आलंय की बुटांचे बंद निकोलायला बांधावे लागतात. तो बोटीवरच्या गाठी मारतो, मग त्या सोडवताना मी रडकुंडीला येते. इथे दक्षिणेत भर जानेवारीत पाऊस पडतोय. एक कुत्रं ओरडत नाही, त्यामुळे सकाळी मला जागच येत नाही.

तुम्ही दोघं हॅलिबट मासे धरायला गोठलेल्या समुद्रावर मुक्काम करणार म्हणे. बाप्तिस्म्याच्या जेवणाला मला बाबांच्या हातचा सुका हॅलिबट हवाच आहे. पण त्यांना सांग, फार बाहेर जायची हौस नको. ते म्हणतील, पोरीला दक्षिणेत जाऊन अक्कल फुटली. म्हणू देत. आणि तू आता लग्नाचं बघ. तू शिजवलेलं सील कुत्रीसुद्धा आधी हुंगून बघतात.

मुलगी झाली तर आईचं नाव ठेवीन, म्हणजे ती परत येईल; गेल्यापासून बिचारी नावाची वाट बघतेय. मुलगा झाला तर काय ठेवायचं कोण जाणे. आपल्या घरातला गेलेला कुणी पुरुष सध्या नावासाठी ताटकळत नाही.

बाबांना साष्टांग नमस्कार. लोभ आहेच, तो पत्रातूनही दिसू दे.

तुझी,
युडिथे


इकेरासाक, ६ फेब्रुवारी

चि. सौ. युडिथे हिस,
अनेक आशीर्वाद.

तार मिळाली असेल. तारेत मावलं नाही ते लिहितो.

आम्ही दोन स्लेज घेऊन गेलो. थंडी अशी की ओतलेली कॉफी ओठांपर्यंत नेईतो तिच्यावर पापुद्रा धरत होता. बाबा मात्र खुशीत होते. तंबूत तुझं पत्र वाचून दाखवलं, तर म्हणाले की पोरीने आईची जीभ बरोबर उचललीय. मासेही भरपूर लागले. माझी स्लेज भरल्यावर त्यांनी मला किनाऱ्यावरच्या झोपडीत मासे टाकून यायला सांगितलं. ते तिथेच गळाशी थांबणार होते. मी म्हटलं की दोघंही जाऊ. त्यावर त्यांनी विचारलं की मी तुला म्हातारा वाटायला लागलो काय. मग मी गेलो.

परतताना वारा सुटला. जमिनीकडून येतो आणि समुद्रावरचा बर्फ फोडतो तो उबदार वारा. तंबू होता तिथे पाणी होतं. काळं पाणी आणि त्यावर वाफ. मी काठावर उभा राहून हाका मारत राहिलो.

पुढे बाबांच्या कुत्र्यांपैकी पाच घरी आली, अंगावर बर्फाची सालं घेऊन. त्यांचे दोर दातांनी कुरतडलेले नाहीत, सुरीने सरळ कापलेत. म्हणजे बाबांनी त्यांना मोकळं केलं. म्हणजे ते तेव्हा शुद्धीवर होते, बर्फाच्या तुटलेल्या तुकड्यावर होते. तो तुकडा कुठेतरी लागणारच. गावातले सगळे रोज माझ्याबरोबर स्लेज काढतात.

एक विनवणी आहे. मुलगा झाला तर बाबांचं नाव अजून ठेवू नकोस. तू ठेवलंस की इथे सगळे म्हणणार, एनोक परत आला, लेकीच्या मांडीवर आला. घरी आलेल्या माणसाला शोधायला बर्फावर कोण जाईल? आणि ते जिवंत असतील तर? जित्या माणसाचं नाव काढून घेतलं तर तो कशाच्या जोरावर तग धरील? पाया पडतो, ठेवू नकोस.

तुझा,
एसायस


पामिउत, २२ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

मुलगा झालाय. आनंद कळवते असं लिहायला हात धजत नाही.

तो रडतो. थकून झोपतो आणि उठून पुन्हा रडतो. दूध तोंडात धरतो आणि सोडून देतो. डॉक्टर म्हणतात, कसलाही आजार नाही. सुईण रेबेका म्हणाली की एवढं काय कोड्यात पडायचं, तो आपलं नाव मागतोय, देऊन टाक. मी तिला सांगितलं की दादाने नको म्हटलंय. तिने माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच बाळाला उपाशी ठेवलंय.

मी आजोबांचं नाव घेऊन पाहिलं. निकोलायच्या काकांचं घेतलं. बाळ आणखीच रडलं. दादा, बाबा सापडू देत. लवकर सापडू देत. मला तुझा रागही येतो, आणि तू तिकडे थंडीत फिरतोस म्हणून जीवही तुटतो.

तुझी,
युडिथे


इकेरासाक, ३ मार्च

चि. सौ. युडिथे हिस,
अनेक आशीर्वाद.

रडू दे त्याला. बाळं रडतातच.

आता गावातला फक्त टोबियास माझ्याबरोबर येतो. बर्फाच्या कडेला आम्ही तंबू टाकतो आणि बाहेर दिवा टांगून ठेवतो. बाबांची कुत्री माझं ऐकत नाहीत. बाबांचा आवाज काढून हाकलं तरच उठतात, म्हणून मी दिवसभर त्यांच्याच आवाजात ओरडत असतो. टोबियास तेव्हा दुसरीकडे बघतो.

थोडे दिवस दम धर. तुझ्याशिवाय मला मागणं कुणाकडे मागायचं?

तुझा,
एसायस


पामिउत, १५ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

मी हरले. बाळाच्या बरगड्या दिसायला लागल्या होत्या.

चर्चमध्ये नाही, कुणासमोर नाही, स्वयंपाकघरात उभी असताना त्याच्या कानाशी हळूच म्हटलं, एनोक. नुसतं बघायला म्हटलं. देवाशपथ सांगते, मला वाटत होतं की तो रडतच राहील. मी मनातून विनवत होते, बाळा, रडत राहा.

तो गप्प झाला. माझ्याकडे टक लावून बघितलं आणि दूध प्यायला लागला. पोटभर प्यायला. निकोलाय हसत शेजाऱ्यांना बोलवायला धावला आणि मी खुर्चीत बसून ओक्साबोक्शी रडले.

दादा, बाबा गेले. रविवारी बाप्तिस्मा केला. आता शोधू नकोस, घरात बस, अंग शेक. मला क्षमा करता आली तर कर.

तुझी,
युडिथे


इकेरासाक, २९ मार्च

तीर्थरूप बाबांस,
साष्टांग नमस्कार.

युडिथेने हे तुम्हाला वाचून दाखवावं. तिच्यावर माझा राग नाही, तेही सांगावं.

तुम्ही पोचल्याचं कळलं. हेलिकॉप्टरने पत्र आलं त्या दिवशी टोबियासने दारात येऊन टोपी काढली आणि माझं अभिनंदन केलं. घरोघरी कॉफी झाली. सगळे म्हणाले की एनोक दूध पितोय, आता बरं झालं. काय बरं झालं ते मला कळत नाही.

मी एकटाच पुन्हा गेलो होतो. तुमचा आवाज काढला, तरी तुमची कुत्री उठली नाहीत. मग मीही त्यांच्यात जाऊन बसलो. या घरात, या बर्फावर मला आता कुणी नाही बाबा. तुम्ही इतक्या लांब तिकडे गेलात आणि माझ्याकडे आला नाहीत.

एकच विचारायचंय. मला किनाऱ्यावर धाडलंत तेव्हा त्या वाऱ्याचा वास तुम्हाला आला होता का? जन्मात कधी तो तुम्हाला चुकला नव्हता. हे फक्त तुम्हालाच ठाऊक आहे, आणि तुम्हाला अजून बोलता येत नाही. बोलायला लागाल तोवर तुम्ही ते विसरून गेलेले असाल.

दूध पोटभर प्या. या लेकरावर लोभ असू द्या.

आपला,
एसायस