उभं राहण्याचा सराव

उझित्से, शनिवार, ५ ऑक्टोबर

थांब, दंडावरचा पट्टा पुन्हा फुगतोय. हात हलवायचा नाही.

हां, सुटला. चोवीस तास रक्तदाब मोजणारं यंत्र आहे, दर वीस मिनिटांनी घुरघुरतं. तू कसा आहेस, कूम राडिसाव? सिगारेट सुटली का? आमच्याकडे आलुबुखार संपले, दारू गाळून झाली. तुझ्या दोन बाटल्या बाजूला ठेवल्यात.

गुडघ्याचं कारण सांगून मी बाप्तिस्म्याला नाही म्हटलं, तेव्हा फोनवर तू म्हणालास, "चाळीस मॅरेथॉन धावलेल्या माणसाचा गुडघा चार किलोच्या पोरीला धरताना दुखतो होय?" मग म्हणालास, "तुमच्या घरानं आमच्या घराला कधी नकार दिला नव्हता, तिहोमिर." आणि फोन ठेवलास. बरोबर केलंस. माझ्या आजोबांनी तुझ्या वडिलांना बाप्तिस्म्याला हातात धरलं, माझ्या वडिलांनी तुला, मी तुझ्या मिलिसावला. आता मिलिसावची लेक विश्न्या. धर्मपित्याचं हे नातं, कूमपण, नाकारत नाहीत, हे मला माहीत आहे.

गुडघा ठणठणीत आहे.

ईस्टरला मी चर्चमध्ये पडलो. सकाळी पंधरा किलोमीटर धावून, उपाशीपोटी, पाण्याचा घोटही न घेता तसाच गेलो होतो. ताठ उभा होतो, गुडघे घट्ट, हातात मेणबत्ती. पुढचं आठवतं ते फरशीवरून. कुणाला सांगितलं नाही. तुला तर नाहीच. आयुष्यभर मी तुझ्या पोटाला हसलो, माझ्या नाडीचे मिनिटाला चव्वेचाळीस ठोके मिरवले. मेणबत्तीऐवजी विश्न्या असती तर?

शेवटी डॉक्टर यास्नाकडे गेलो. तिनं टेबलावर पट्ट्यांनी बांधलं आणि टेबलच जवळजवळ उभं केलं. अकराव्या मिनिटाला दाब सत्तरवर आला. शुद्धीवर आलो तर ती हसत होती.

"काका, तुमचं हृदय घोड्याचं आहे."

"मग पडलो कसा?"

"धावताना पोटऱ्या रक्त वर ढकलतात. स्तब्ध उभं राहिल्यावर कोण ढकलणार? रक्तवाहिन्यांनी आवळायचं असतं. तुमच्या एकोणसत्तर वर्षांच्या आहेत, वेळ लावतात. धावणं चांगलंच आहे, पण ते या कामाला पुरत नाही."

तिनं दाबाची गोळी सकाळची रात्रीवर नेली. पाणी भरपूर. पोटऱ्यांचे आणि मांड्यांचे व्यायाम. प्रार्थनेच्या सकाळी धावणं बंद. अंधारी आली की टाचा उचलायच्या, मांड्या आवळायच्या, तरी थांबली नाही तर लाज न बाळगता बसायचं.

उरलेलं शिकवलं आमच्या चर्चमधल्या दारिंकामावशीनं. चौऱ्याऐंशी वर्षांची आहे, प्रसादाचा पाव तीच भाजते, प्रार्थनेला दोन-तीन तास उभी असते. मला म्हणाली, "तू देवाला सलामी ठोकतोस की काय रे? सैल सोड गुडघे." मी तिच्याकडे नीट पाहिलं. ती कधीच स्थिर नसते. या पायावरून त्या पायावर, हळू. सगळ्या म्हाताऱ्या तशाच. पन्नास वर्षं त्यांच्यामागे उभा राहिलो आणि दिसलं नव्हतं.

आता दर रविवारी तिच्यासाठी पाच किलो पीठ नेतो आणि प्रार्थनेत जमेल तितका वेळ उभ्यानं कडेवर धरतो. ती विचारते, "नाव काय ठेवलंस पोरीचं?" पहिल्या रविवारी वीस मिनिटांत बसलो. मागच्या रविवारी सव्वा तास. उद्या यंत्र बांधून जायचंय, यास्नाचा हुकूम.

मला विश्न्याला धरायचं आहे. बाप्तिस्म्याच्या कुंडाभोवतीच्या तिन्ही प्रदक्षिणा. मिलिसावला माझ्या मागे हातभर अंतरावर उभा कर. मी "घे" म्हटलं की त्यानं काही न विचारता पोर घ्यायची. एवढं चालत असेल तर कळव. दुसरा कुणी ठरवला असशील तर तेही कळव. दोन बाटल्या तरीही तुझ्याच.

खोटं बोललो, त्याची माफी माग असं कुणी सांगितलं नाही. मी मागतो.

तू ठेवलास तर तुझा कूम,
तिहोमिर

रविवार, सकाळचे साडेअकरा. पूर्ण दोन तास उभा राहिलो. एकदा अंधारी आली, टाचा उचलल्या, गेली. पीठ दारिंकामावशीला दिलं.