कोळशावरची मोटार

पौष शु. ४
बांधावरची बाभळ तोडली. मला न विचारता. दत्तू म्हणतो, "आये, लढाईपायी पेट्रोल मिळंना. मोटार आता कोळशावर. बाभळीचा कोळसा चांगला जळतो." मंग मोटारीच्या मालकाच्या रानात बाभळी न्हाईत व्हय? डायवर माझा ल्योक, म्हणून झाडबी माझंच?

शु. ७
मोटारीच्या मागं पत्र्याचं पिंप बसवलंय. भट्टीच ती. दत्तू पहाटे अर्धा तास पंखा फिरवतो, तवा कुठं कोळशाचा धूर इंजनात जातो. चढ आला की उतारू खाली उतरून ढकलत्यात. थंडीनं कुडकुडत्यात म्हणून मालकानं गोणपाटाचे पडदे सांगितले. मीच शिवले. चांगले जाड.

शु. १२
हळद घेऊन सांगलीला गेले. पडदे घट्ट बांधलेले. तासगाव येईतो डोकं फुटायची पाळी. शेजारची जैनाची म्हातारी ओकली. सगळी म्हणत्यात, मोटार लागली. लागली तर उतरल्यावर वाऱ्यात दोन घटकांत बरं कसं वाटलं?
दत्तू म्हणाला, "माझं रोज ठणकतंय."
रोज!
थोरली जाऊ बाळंतिणीच्या खोलीत गेली ती अशीच. बाजंखाली कोळशाची शेगडी, दार-खिडकी बंद. सकाळी बघतो तर गाल लाल, झोपल्यागत. खोलीत धूर म्हणून नव्हता. मारणारा डोळ्याला दिसत न्हाई.

शु. १३
मालकाकडं गेले. पिंपातला धूर गळतोय, पडद्यांनी आत कोंडतोय, पडदे काढा म्हणलं.
"आवं आजी, तुमीच शिवलेत की. लय झ्याक झालेत." वर हसतोय. "उघड्या मोटारीत कोण बसंल?"
दत्तूला म्हणलं, सोड ती नोकरी. तर म्हणतो, "मंग पलटणीत जाऊ?" धाकटा तिथंच हाय. चार म्हयने कागद न्हाई.

पुनव
सून म्हणाली, "आत्या, ह्यांच्या हातातनं भाकरी गळती. बोलायला गेलं की अंगावर येत्यात." मी विचारलं तर "काय न्हाई." बापाचंच तोंड. बापबी मरंस्तवर काय न्हाईच म्हणत होता.

वद्य ४, संक्रांत
सकाळच्या खेपंला मोटार उसात घुसली. दत्तूची मान चाकावर. लोकांनी ओढून वाऱ्यात निजवला तवा डोळे उघडले. बाकीची उठली. पलूसची एक लेकुरवाळी अजून शुद्धीवर न्हाई, सांगलीच्या दवाखान्यात हाय.
तिळगूळ तसाच पडलाय.
मालक गावभर सांगतोय, डायवर पिला होता. मी दत्तूच्या तोंडाचा वास घेतला. दारू न्हाई, नुसता कोळसा.
दत्तू म्हणतो, "आये, चाक माझ्या हातात होतं. मलाच इचारणार."

वद्य ५
पलूसच्या लेकुरवाळीचा काय सांगावा न्हाई. फौजदार दुपारी येणार. सुनेला बजावलंय, नवऱ्याला आत निजव, त्यानं तोंड उघडायचं न्हाई. पडदे कुणी शिवले ते मी सांगीन. सांगून बी का काढले न्हाईत, ते मालकानं सांगायचं. आधी त्यानं, मंग आमी.