दुसऱ्या तळ्याचं पाणी

बाबा, आपलं तळं गेलं. अगोदर तेच सांगतो, तुम्हाला आडून बोललेलं कधी खपलं नाही. रोहू, मृगळ सगळे काठाला लागलेत. अंगावर लाल फोड, काहींचं तर मांस झडून काटा दिसतो. हिंगोलीहून मत्स्य कार्यालयाच्या मॅडम आल्या, चुना टाकायला लावला, मेलेले मासे खड्ड्यात पुरायला सांगितले. तीन दिवस आम्ही पुरतच होतो. आई भाकरी टाकते, पण वासानं घास उतरत नाही.

मी नवा नवा जाळं ओढायला लागलो होतो, तेव्हाचं आठवतं. शेजारगावच्या तळ्यावरून आलो नि ओलं जाळं तसंच आपल्या पाण्यात घालायला निघालो. तुम्ही वाटेत आडवे आलात. "काहून रे, त्यांची रोगराई घरी आणतो का? चार दिवस कडक उन्हात टाक, मंग हात लाव त्याला." सगळ्यांदेखत बोललात. मला वाटलं, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं, पाणी ते पाणीच. चार दिवस मी तुमच्याशी बोललो नाही.

तुम्ही गेल्यावर, या हिवाळ्यात, सासऱ्यांच्या तळ्यावर मासे ओढायला गेलो. एकमेकांकडं आपलं जाळं घेऊन जायची रीत, नाही म्हणता येत नाही. दोन-चार माशांवर लाल ठिपके होते. सासरे म्हणाले, "थंडीनं व्हते, काई न्हाई व्हत." दुसऱ्या दिवशी सकाळीच वसमतचा व्यापारी गाडी घेऊन दारात उभा. जाळ्यातून अजून पाणी गळत होतं. म्हटलं, एकदा नाही वाळवलं तर काय होतंय? घातलं आपल्या तळ्यात.

काल मच्छीमार सोसायटीची बैठक झाली. बारा घरं त्या तळ्यावर जगतात, लोक पेटलेले. कुणीतरी काकांचं नाव काढलं, यांनी आणलेलं मत्स्यबीजच रोगट होतं म्हणून. तुमचा धाकटा भाऊ, बाबा. "बीज पारखून आणलं, लेकरांची आण," एवढंच ते म्हणत राहिले. मग काकांनीच मला विचारलं, "तू व्हता ना संगं? सांग, कसं व्हतं बीज?" बीज चांगलं होतं, पिल्लं चपळ होती. मी म्हणालो, ध्यानात नाही. काकांना तळ्यावर यायची बंदी झाली. जाताना त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "नसंल तुह्या ध्यानात, लेकरा."

पत्र लिहायचं तर त्यांना लिहायला पाहिजे. ते तीन दारं सोडून राहतात. तुम्हाला लिहितो, कारण तुम्ही वाचणार नाही.